पीकेयूच्या बाळाला वरचं खाणं सुरू करताना

फेनिलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू असलेल्या बाळाचं शरीर प्रथिनांतलं फेनिलअलानिन हे अमिनो आम्ल नीट वापरू शकत नाही. ते रक्तात साठतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. म्हणून आहारातलं नैसर्गिक प्रथिन मोजून द्यायचं आणि उरलेली गरज फेनिलअलानिन काढून टाकलेल्या खास फॉर्म्युल्यातून भागवायची. बाळ फक्त दुधावर असेपर्यंत हे गणित बाटलीत मावतं. खाणं सुरू झालं की ते वाटीत, चमच्यात आणि लाळेऱ्यावर पसरतं. बहुतेकांची दमछाक इथेच होते.

ती टाळायची तर खायला शिकणं आणि प्रथिन मोजणं ही दोन कामं पहिले काही आठवडे वेगळी ठेवा. आधी बाळाला न मोजायच्या पदार्थांवर खायला शिकवा. मग मोजायचं प्रथिन थोडं थोडं दुधातून ताटात हलवा. दोन्ही एकाच दिवशी सुरू केलं की बाळाने नाकारलेल्या प्रत्येक घासामागे तुम्ही आकडेमोड करत बसता. बाळाला तो ताण कळतो, आणि तोंड घट्ट मिटलं की सगळे धावाधाव करतात हेही कळतं.

सुरुवात कधी

वेळ इतर बाळांसारखीच: साधारण सहा महिन्यांच्या सुमारास, 17 आठवड्यांच्या आत कधीच नाही. मान स्थिर हवी, आधार दिल्यावर बसता यायला हवं, हाताला लागेल ते तोंडाकडे जायला हवं. पीकेयू आहे म्हणून उशीर करण्यात फायदा नाही, उलट तोटा आहे. चव आणि पोत स्वीकारण्याचा हा काळ निघून गेला, तर आधीच मर्यादित असलेला आहार आणखी आकसतो.

घरात एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा हवा. चमचे आणि वाट्या मापाला चालत नाहीत. एक वही हवी, आणि आहारतज्ज्ञांनी दिलेली पदार्थांची यादी फ्रिजवर चिकटवलेली हवी.

पहिले आठवडे: न मोजायचे पदार्थ

ज्या फळांत आणि भाज्यांत 100 ग्रॅममागे 75 मिलिग्रॅमपेक्षा कमी फेनिलअलानिन असतं, ती अनेक उपचार केंद्रांत न मोजता देतात. सफरचंद, नासपती, केळं, पपई, आंबा, गाजर, लाल भोपळा, काकडी ही त्यातली नेहमीची नावं. दिसायला भाजीच असली तरी बटाटा, मटार, मका, पालक, फ्लॉवर, ब्रोकोली यांतलं प्रथिन मात्र मोजावं लागतं. याद्या केंद्रागणिक थोड्या बदलतात. तुमच्याकडे तुमच्या केंद्राची यादी आहे, तीच पाळा.

शिजवून मऊ केलेल्या गाजराचे किंवा सफरचंदाचे एक-दोन छोटे चमचे, दिवसातून एकदा, दूध पिऊन झाल्यावर द्या. भुकेने कळवळलेलं बाळ नवा चमचा शिकत नाही. थुंकलं तर पुसा आणि थांबा. इथे काही भरून काढायचं नसतं, म्हणून तर सुरुवात इथून करायची. दूध आणि खास फॉर्म्युला या काळात जसेच्या तसे चालू राहतात. वर्षाच्या आत मीठ, साखर घालू नका, आणि मध तर अजिबात नको.

पहिला मोजलेला घास

बाळ सहज तीन-चार चमचे खायला लागलं की मोजायचे पदार्थ आणा. पुष्कळ ठिकाणी हिशोब एक्स्चेंजमध्ये होतो: एक एक्स्चेंज म्हणजे 50 मिलिग्रॅम फेनिलअलानिन, म्हणजेच साधारण 1 ग्रॅम प्रथिन. काही देशांत एक्स्चेंज 15 मिलिग्रॅमचा असतो, त्यामुळे परक्या यादीतला आकडा उचलण्याआधी त्यांचं माप पाहा. तीव्र प्रकारच्या पीकेयूमध्ये दिवसाची मर्यादा बहुधा 200 ते 500 मिलिग्रॅमच्या दरम्यान येते. तुमच्या बाळाचा आकडा मात्र रक्ताचे अहवालच ठरवतात.

पाकिटावरच्या पदार्थाचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे: 100 भागिले 100 ग्रॅममधलं प्रथिन. 2.5 ग्रॅम प्रथिन असेल तर 40 ग्रॅमचा एक एक्स्चेंज, 8 ग्रॅम असेल तर साडेबारा ग्रॅमचा. आकडा कोरड्या पदार्थाचा आहे की शिजवलेल्या, हे आधी बघा. घोळ होतो तो बहुतेक वेळा इथेच.

घरी शिजवलेल्या पदार्थाचा हिशोब अख्ख्या भांड्यावरून करावा. समजा 100 ग्रॅम कोरडा तांदूळ घेतला आणि त्यात 7 ग्रॅम प्रथिन आहे. शिजून भात 300 ग्रॅम झाला, तर 300 भागिले 7, म्हणजे सुमारे 43 ग्रॅमचा एक एक्स्चेंज. तोच भात पाणी घालून वाटला आणि 420 ग्रॅम झाला, तर एक्स्चेंज 60 ग्रॅमचा. प्रथिन तितकंच, पण बाळाच्या पोटात जायला घास जास्त. म्हणून मोजायचं अन्न शक्य तितकं घट्ट ठेवा, आणि पातळ करायचं तर थोडं तेल किंवा लोणी घाला. त्याने उष्मांक वाढतात, तेलात प्रथिन नसतं आणि लोण्यात नावापुरतंच. जादा केलेलं अन्न बर्फाच्या साच्यात गोठवता येतं. प्रत्येक वडीचं वजन करून डब्यावर लिहा.

सुरुवात अर्ध्या एक्स्चेंजने करा आणि तेवढं प्रथिन दुधातून कमी करा. बाळ साध्या पावडरच्या दुधावर असेल तर मोजणी सरळ आहे. डब्यावर 100 मिलिलिटरला 1.3 ग्रॅम प्रथिन लिहिलं असेल, तर एक एक्स्चेंज म्हणजे सुमारे 77 मिलिलिटर दूध. पाच एक्स्चेंजच्या बाळाला दिवसाला 385 मिलिलिटर मिळत होतं. एक एक्स्चेंज भातात गेला की 308 उरलं. खास फॉर्म्युल्याला यात हात लावायचा नाही.

अंगावरच्या दुधाचं असं माप निघत नाही. साधारण 100 मिलिलिटर म्हणजे एक एक्स्चेंजच्या आसपास, पण बाळ किती प्यायलं हे कोण सांगणार? म्हणून उलट बाजूने जातात: अंगावर घेण्याआधी ठरलेला खास फॉर्म्युला पाजायचा, मग बाळाला हवं तेवढं पिऊ द्यायचं. खाण्यात एक्स्चेंज वाढला की अंगावर घेण्याआधी पाजायचा फॉर्म्युला थोडा वाढवतात, म्हणजे अंगावरचं पिणं आपोआप घटतं. किती वाढवायचा ते आहारतज्ज्ञ रक्ताच्या आकड्यावरून सांगतात. अंगावरचं दूध यासाठी बंद करावं लागत नाही.

अर्धवट टाकलेला घास

वाटीचं वजन आधी करा, उरलेल्याचं नंतर. 40 ग्रॅमपैकी 20 खाल्लं तर अर्धा एक्स्चेंज बाकी. तो तेवढ्याच प्रथिनाच्या दुधाने भरून काढा, वरच्या उदाहरणात 38 मिलिलिटर. लाळेऱ्यावर सांडलेलं अंदाजाने धरा; ग्रॅमभरासाठी फडकं काट्यावर ठेवायची गरज नाही. जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. त्यापुढे चमचा घेऊन मागे लागणं म्हणजे पुढच्या जेवणाला नकार पक्का करणं. दिवसअखेर थोडं कमी पडलं तर दुसऱ्या दिवशी वाढवून देऊ नका. वहीत लिहा आणि पुढे चला.

कमी प्रथिन म्हणजे जास्त सुरक्षित, असं मात्र समजू नका. फेनिलअलानिन शरीर स्वतः बनवू शकत नाही आणि वाढीला ते लागतंच. सतत कमी पडलं की वजन अडतं, भूक मरते, त्वचेवर, विशेषतः लंगोटाच्या जागी, पुरळ उठतं.

खास फॉर्म्युल्याची पेस्ट

सहा महिन्यांनंतर बाळ दूध कमी पितं, पण फेनिलअलानिन-विरहित प्रथिनाची गरज कमी होत नाही. म्हणून चमच्याने द्यायची घट्ट पेस्ट सुरू करतात: पावडर आणि अगदी थोडं पाणी. तिची चव आणि वास उग्र असतो. मोठ्या माणसाला ती घशाखाली उतरवणं कठीण जाईल, पण या वयात भेटलेली चव मुलं स्वीकारतात. दीड-दोन वर्षांपर्यंत थांबलात तर हेच काम डोंगराएवढं होतं.

अर्ध्या चमच्याने सुरुवात करा, जेवणाआधी, भूक असताना, रोज त्याच वेळी. चेहरा साधा ठेवा. नाक मुरडलंत की संपलं. पेस्ट फळात किंवा भातात लपवू नका, नाहीतर बाळ पेस्टही सोडेल आणि फळही. ती घट्ट असल्याने प्रत्येक वेळी वर पाणी पाजा. नाहीतर पोट बिघडतं किंवा शौचाला कडक होतं. मात्रा दर काही दिवसांनी वाढवा आणि तेवढ्या प्रथिनाचा द्रव फॉर्म्युला कमी करा. समजा फॉर्म्युल्यात 100 मिलिलिटरला 2 ग्रॅम प्रथिन आहे, तर 5 ग्रॅम प्रथिनाची पेस्ट 250 मिलिलिटरची जागा घेते. पेस्ट पोटात जायला लागल्याची खात्री होण्याआधी बाटली कमी करू नका. दिवसाची मात्रा तीन-चार वेळांत वाटून द्या; एकदम दिली तर शरीर तिचा नीट वापर करत नाही.

आठ-नऊ महिन्यांत जेवणाचा क्रम असा बसतो: आधी पेस्ट आणि पाणी, मग मोजलेला पदार्थ, शेवटी न मोजायची भाजी किंवा फळ, पोट भरेल तेवढं. मोजलेलं अन्न शेवटी ठेवलं की ते उरतंच.

पोत वाढवायला विसरू नका. मोजायला सोपं म्हणून मुलं वाटलेल्या अन्नावर अडकून राहतात. सात महिन्यांपासून कुस्करलेलं, मऊ गुठळ्या असलेलं द्या, हातात धरायला पिकलेल्या फळाची फोड किंवा कमी प्रथिनाच्या पावाचा तुकडा द्या. खास कमी प्रथिनाचं पीठ, पास्ता आणि तांदूळ मिळतात आणि पोट भरायला ते फार कामाचे आहेत. ग्लुटेनमुक्त पीठ म्हणजे कमी प्रथिनाचं पीठ नव्हे, त्यात भरपूर प्रथिन असू शकतं. मांस, मासे, अंडी, चीज, सुकामेवा आणि डाळी-कडधान्यं यांत इतकं प्रथिन असतं की चमचाभराने दिवसाचा मोठा वाटा संपतो. ते बाजूलाच ठेवा. जेलीतलं जिलेटिनही प्रथिनच आहे.

अ‍ॅस्पार्टेम, क्रमांक ई951, हा गोडवा देणारा घटक फेनिलअलानिनपासूनच बनतो. तो शीतपेयांत असतो तसा बाळाच्या औषधी सिरपांतही असतो. औषध लिहून घेताना डॉक्टरांना आणि विकत घेताना औषधविक्रेत्याला, दोघांनाही विचारा. लेबलवर एका वाढणीत 0 ग्रॅम प्रथिन लिहिलं असेल तर 100 ग्रॅमचा आकडा शोधा. छोट्या वाढणीत आकडा शून्याकडे वळवलेला असू शकतो.

रक्ताचा आकडा

या काळात रक्ताचा थेंब बहुधा दर आठवड्याला पाठवावा लागतो. लहान मुलांसाठी युरोपीय मार्गदर्शनातली मर्यादा 120 ते 360 मायक्रोमोल प्रति लिटर, म्हणजे 2 ते 6 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. थेंब दर वेळी त्याच वेळी, शक्यतो सकाळी पहिल्या दुधाआधी घ्या, नाहीतर दोन आकड्यांची तुलना होत नाही.

आकडा चढला की सगळे आधी भाताकडे बोट दाखवतात. कारण बरेचदा दुसरं असतं: ताप किंवा सर्दी, पेस्टची मात्रा अर्धवट जाणं, किंवा एकूण उष्मांक कमी पडणं. पोट उपाशी राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडतं आणि त्यातलं फेनिलअलानिन रक्तात येतं. म्हणजे बाहेरून न देताही आकडा वाढतो. अशा वेळी खाणं आणखी तोडणं हा चुकीचा इलाज ठरतो. वही बघा, आजारपण लिहा, आणि बदल आहारतज्ज्ञांशी बोलूनच करा. आजारी बाळाने जेवण सोडलं तरी पेस्ट किंवा फॉर्म्युला थोडा थोडा, जास्त वेळा देत राहा, आणि बिनप्रथिनाचं गोड पेय द्यायचं का ते विचारून घ्या.

पीकेयू नसेल, दुसरा आजार असेल तर

प्रथिन नीट न वापरता येण्याचे इतरही जन्मजात आजार आहेत. त्यातल्या मेपल सिरप युरिन डिसीजमध्ये ल्युसिन हे दुसरं अमिनो आम्ल मोजतात. युरिया सायकलच्या आणि सेंद्रिय आम्लांच्या आजारांत बहुधा एकूण प्रथिन मोजतात. न मोजायची यादी तिथे वेगळी असते, त्यामुळे वरचे पदार्थ आणि मापं तशीच उचलू नका. मोठा फरक म्हणजे या आजारांत उपाशी राहणं किंवा उलट्या काही तासांत जिवावर बेतू शकतात. बाळाने दोन वेळा दूध नाकारलं, सुस्त झालं, विचित्र चिडचिड करू लागलं किंवा उलट्या थांबेनात, तर पुढच्या जेवणाची वाट पाहू नका. केंद्राने दिलेली आपत्कालीन योजना लगेच सुरू करा आणि रुग्णालय गाठा. त्या योजनेची एक प्रत घरात, एक बाळाच्या पिशवीत आणि एक बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाकडे ठेवा.