क्रॉसओव्हर फायटिंग गेमची डीएलसी घेताना या चुका टाळा

दोन-तीन कंपन्यांचे फायटर एकाच रिंगणात आणणाऱ्या गेममध्ये डीएलसीवर, म्हणजे मूळ गेमखेरीज वेगळ्या विकत घ्यायच्या फायटर-पोशाखांवर, पैसे बहुतेक वेळा हरल्यानंतरच्या पाच मिनिटांत खर्च होतात. समोरच्यानं एखाद्या पाहुण्या फायटरनं सलग तीन मॅच मारल्या, तुमच्या रोस्टरवर (फायटरच्या यादीत) त्याच फायटरच्या चौकटीला कुलूप आहे, आणि बोट थेट स्टोअरच्या बटणावर जातं. नंतर मनस्ताप होतो तो निव्वळ किमतीमुळे नाही. पॅकमध्ये नेमकं काय आहे आणि ते कोणत्या अकाउंटला, कोणत्या प्रदेशाला, कोणत्या मशीनला बांधलेलं आहे, हे आधी पाहिलेलं नसतं. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात.

फाइल इवलीशी आली म्हणून डाउनलोड फसलं असं समजणं

फायटर विकत घेतला आणि डाउनलोड दोन सेकंदांत संपलं, की खेळाडू गोंधळतो. मग गेम काढून पुन्हा इन्स्टॉल करण्यात अख्खी संध्याकाळ जाते. खरं तर त्या फायटरचा डेटा तुमच्या मशीनवर आधीच असतो. ऑनलाइन मॅचमध्ये समोरच्यानं तो फायटर निवडला, तर त्याचं मॉडेल, हालचाली आणि आवाज तुमच्याकडेही असावे लागतात. म्हणून डेटा सगळ्यांना पॅचमधून, म्हणजे गेमच्या अपडेटमधून, दिला जातो आणि पैसे भरणाऱ्याला फक्त किल्ली मिळते. अशा वेळी गेम पूर्ण बंद करा, स्लीपमध्ये ठेवून भागत नाही. मग पुन्हा सुरू करा. बहुतेक गेम विकत घेतलेल्या गोष्टींची यादी सुरू होतानाच तपासतात.

या किल्लीच्या पद्धतीवरून मोठा संताप झाला तो स्ट्रीट फायटर क्रॉस टेकेनच्या वेळी. मार्च २०१२ मध्ये गेम आला आणि खेळाडूंना डिस्कवरच १२ फायटर कुलूपबंद सापडले. ब्लांका, कोडी, गाय, डडली, एलेना आणि साकुरा एका बाजूचे. लार्स, अलिसा, ब्रायन, क्रिस्टी, लेई आणि जॅक-एक्स दुसऱ्या बाजूचे. त्यांची किल्ली पुढे २० डॉलरला विकली गेली आणि त्याच वर्षी आलेल्या व्हिटा (सोनीचं हातात धरून खेळायचं मशीन) आवृत्तीत मात्र तेच १२ जण गेमसोबतच मिळाले. सगळ्यांकडे एकच डेटा असला की मॅच जुळतात, हे गेम बनवणाऱ्या कॅपकॉमचं स्पष्टीकरण तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. पण पॅचनं डेटा पाठवणं वेगळं आणि पहिल्या दिवशी विकलेल्या डिस्कवर तयार माल कुलूप लावून ठेवणं वेगळं. खेळाडूंचा राग रास्त होता. आज व्यवहारात लक्षात ठेवायचं ते इतकंच, की छोटी फाइल हा बिघाडाचा पुरावा नाही.

पास म्हणजे सगळं, असं धरून चालणं

पास म्हणजे अनेक फायटर एकत्र, एका किमतीला विकणारा संच. हा शब्द ऐकला की पुढे येणारं सगळं आपलंच, असं वाटतं. सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेटचं उदाहरण घ्या. पहिल्या फायटर्स पासमध्ये जोकर, हिरो, बॅन्जो-कझूई, टेरी आणि बायलेथ असे पाच जण आहेत. पिराना प्लांट त्यात नाही. तो ३१ जानेवारी २०१९ पर्यंत गेम नोंदवणाऱ्यांना फुकट मिळाला, नंतर स्वतंत्र विकला गेला. ‘मी’ (Mii) फायटर्सचे, म्हणजे खेळाडूनं स्वतः घडवलेल्या फायटर्सचे, बरेचसे पोशाखही पासबाहेर, एकेक करून विकत घ्यावे लागतात.

आता हिशोब करू. अमेरिकेत पहिला पास २४.९९ डॉलरचा आणि सुटा फायटर ५.९९ चा. चार सुटे घेतले तर २३.९६ होतात, म्हणजे पासपेक्षा कमी. पाचही हवे असतील तरच पास स्वस्त पडतो. दुसरा पास सहा जणांचा, २९.९९ ला. पाच सुटे घेतले तर २९.९५. सहावा नकोच असेल, तर पासात काहीच वाचत नाही. पास घेण्याआधी यादीतल्या प्रत्येक नावापुढे ‘हा मी खरंच खेळणार का’ याचं उत्तर लिहा. एकदोन सुटे फायटर आधीच घेतले असतील, तर पासच्या किमतीतून ते वजा होतील असं गृहीत धरू नका. एकाच फायटरसाठी दोनदा पैसे जाण्याची ही सर्वांत सोपी वाट आहे.

ब्लेझब्लू क्रॉस टॅग बॅटलमध्ये २०१८ साली सुरुवातीला २० फायटर होते आणि आणखी २० डीएलसी म्हणून येणार होते, म्हणजे निम्मा रोस्टर बाहेर. आरडब्ल्यूबीवाय (RWBY) या अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या चौघींच्या टीममधल्या दोघीच मूळ गेममध्ये होत्या. खेळाडू चिडले, तेव्हा ब्लेक आणि यांग फुकट देण्यात आल्या. असा गेम घेताना मूळ किंमत पाहू नका. तुमची टीम पूर्ण व्हायला एकूण किती लागतील, ते पाहा.

नाण्यांची किंमत नाण्यांतच मोजणं

स्ट्रीट फायटर ६ मध्ये टेरी आणि माई पाहुणे म्हणून आले, त्याआधी निंजा टर्टल्सचे पोशाखही. तिथे फायटर कॉइन्स, म्हणजे पैसे देऊन घ्यायची गेममधली नाणी, लागतात. पॅक २५०, ६१०, १२५० आणि २७५० चे. अमेरिकी किमती अनुक्रमे ४.९९, ११.९९, २३.९९ आणि ४९.९९ डॉलर. सुटा फायटर ३५० कॉइन्सचा. म्हणजे कोणताही एक पॅक घेऊन तो नेमका बसत नाही. २५० चे दोन घेतले तर ९.९८ जातात आणि १५० उरतात. ६१० चा घेतला तर ११.९९ जातात आणि २६० उरतात. ही उरलेली नाणीच पुढच्या खरेदीला ओढतात.

टर्टल्सचा एक पोशाख ७५० चा होता. २५० चे तीन पॅक बरोबर बसतात, १४.९७ डॉलर. चौघांचे पोशाख ३०००. ते २७५० अधिक २५० असे घेतले तर ५४.९८, तीन-तीन करत घेतले तर ५९.८८. तेही खेळाडूच्या स्वतःच्या अवताराच्या कपड्यांसाठी, नवा फायटर नाही की नवी चाल नाही. खरेदीआधी कागदावर तीन आकडे मांडा: लागणारी नाणी, त्यासाठीच्या पॅकची बेरीज आणि उरणारी नाणी. तिसऱ्या आकड्याचं तुमच्याकडे ठरलेलं काम नसेल, तर थांबा.

डिस्क एका प्रदेशाची, अकाउंट दुसऱ्या

प्लेस्टेशनवर पैसे भरूनही फायटर न दिसण्याचं हे एक नेहमीचं कारण, आणि यात रिस्टोअर, रीस्टार्ट काहीही केलं तरी उपयोग होत नाही. डीएलसी अकाउंटच्या प्रदेशातली मिळते आणि ती त्याच प्रदेशाच्या डिस्कला लागू होते. पीएस३ च्या डिस्कवर बीएलयूएस (BLUS) असेल तर ती अमेरिकेची, बीएलईएस (BLES) असेल तर युरोपची. पीएस४ वर अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे सीयूएसए (CUSA) असतं, तिथे पुढचे पाच आकडे जुळवावे लागतात. वेब स्टोअरमध्ये गेमचं पान उघडलं की पत्त्यात उत्पादनाचा कोड दिसतो. त्यातली पहिली दोन अक्षरं यूपी (UP) म्हणजे अमेरिका, ईपी (EP) म्हणजे युरोप, जेपी (JP) म्हणजे जपान. वापरलेली डिस्क घेतली असेल, तर हे आधी पाहाच.

प्रदेश जुळतोय आणि तरी कुलूप तसंच आहे? मग या क्रमानं जा.

आधी गेमचा ताजा अपडेट. जुन्या आवृत्तीत नव्या फायटरचा डेटाच नसतो, किल्ली कुठे लागणार? मग लायसन्स, म्हणजे खरेदीचा नोंदलेला हक्क. पीएस५ वर सेटिंग्जमध्ये युजर्स अँड अकाउंट्स, त्यात अदर, त्यात रिस्टोअर लायसन्सेस; पीएस४ वर अकाउंट मॅनेजमेंटमध्ये तोच पर्याय. पीएस५ वर गेमच्या पीएस४ आणि पीएस५ अशा दोन्ही आवृत्त्या बसलेल्या असतील, तर कोणती सुरू होतेय ते बघा. पीसीच्या स्टीम स्टोअरवर गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डीएलसी, आणि तिथली खूण आहे का पाहा; नंतर इन्स्टॉल्ड फाइल्समधून फाइल्स तपासून घ्या. एक्सबॉक्सवर मॅनेज गेम अँड अ‍ॅड-ऑन्समध्ये विकत घेतलेली गोष्ट इन्स्टॉल न होता पडलेली सापडू शकते. गेम काढून टाकणं हा सर्वांत शेवटचा उपाय. आणि त्याआधी सेव्हची प्रत कुठे आहे ते बघा.

एका मशीनवर घेतलेला फायटर दुसऱ्या मशीनवर आपोआप येईल, असंही समजू नका. क्रॉसप्ले (वेगवेगळ्या मशीनवरच्यांनी एकत्र खेळण्याची सोय) असला तरी तुम्ही फक्त एकमेकांशी खेळता. खरेदी त्या त्या स्टोअरमध्येच राहते.

परवाना संपतो हे विसरणं

क्रॉसओव्हरचा हा खास धोका आहे. फायटर दुसऱ्या कंपनीचा असतो आणि परवान्याला मुदत असते. अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३ आणि त्याची डीएलसी डिसेंबर २०१३ मध्ये डिजिटल स्टोअरमधून गेली. डिसेंबर २०१६ मध्ये गेम पीएस४ वर परतला, तेव्हा ती सगळी डीएलसी आतच होती. जुन्या गेमची डीएलसी हवी असेल, तर विक्री बंद होणार असल्याच्या घोषणेची वाट पाहू नका. घेतलेली असेल, तर डाउनलोड करून ठेवा. एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं, त्यानंतर तिथे नवीन काहीच विकत मिळत नाही.

मल्टिव्हर्ससची गोष्ट याहून कडू. फुकट खेळायचा गेम, फायटर आणि पोशाख पैशांचे. ३० मे २०२५ ला त्याचे सर्व्हर बंद झाले. ४ फेब्रुवारी ते ३० मे या काळात ज्यांनी ताजी आवृत्ती घेऊन लॉगइन केलं, त्यांनाच मिळवलेल्या आणि विकत घेतलेल्या गोष्टींसह ऑफलाइन खेळ उरला. सर्व्हरवर चालणाऱ्या गेममध्ये पैसे घालत असाल, तर अशी बातमी येताच आधी लॉगइन करा, राग नंतर काढा.

परतावा मागायला उशीर करणं

स्टीमवर डीएलसीचा परतावा खरेदीपासून १४ दिवसांत मागता येतो. अट अशी, की डीएलसी घेतल्यापासून मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा आणि डीएलसी वापरून संपलेली नसावी. फायटर शिकायला बसलात की दोन तास कधी जातात ते कळतही नाही, म्हणून शंका असेल तर ट्रेनिंग मोडमध्ये पहिल्या अर्ध्या तासातच ठरवा. प्लेस्टेशनवर मुदत तितकीच, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क जातो. सदोष मालाला अपवाद आहे. तेव्हा प्रदेशाचा कोड जुळतोय का, हे डाउनलोडचं बटण दाबण्याआधीच बघून घ्या.