माशांचा खर्च आणि घरातला तह: या चुका टाळा

घरी टँकमध्ये मासे पाळायचा नाद लागलेले लोक माझ्याकडे येतात ते सहसा शेवाळ, मेलेले मासे नाहीतर पिवळी पडलेली रोपं अशी तक्रार घेऊन. चहा होईपर्यंत खरं दुखणं बाहेर येतं. "ताई, घरी फार कटकट चाललीय हो." कटकट म्हणजे बायको, क्वचित नवरा. आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "तिला यातलं काही कळत नाही."

तिला सगळं कळतं. तुम्ही तिला सांगितली काचेच्या पेटीची किंमत, आणि घरात आलं ते दर महिन्याला पैसे, वीज, पाणी आणि रविवारची सकाळ मागणारं प्रकरण. भांडण होतं ते या तफावतीवरून.

नुसत्या टँकचा आकडा सांगणं

ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता समोरच्याने "पाच हजारांत होतंय सगळं" म्हटलं की मी वही काढते आणि म्हणते, लिहा. टँक, स्टँड, फिल्टर, लाइट, माती, दगड-लाकूड, रोपं, रोपांना लागणाऱ्या सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर आणि रेग्युलेटर, पाणी तपासायचं टेस्ट किट. टँक हा त्यातला छोटासा भाग निघतो. मासे तर शेवटी येतात.

चेंबूरच्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. दोघंही माझ्या ओळखीचे, दोघंही नोकरी करणारे. त्याने घरी सांगितलं पाच हजार. तीन फुटी टँक खरंच तेवढ्यात बसला, म्हणजे तसं तो खोटं बोलला नव्हता. पुढचं सामान मात्र तो ऑफिसच्या पत्त्यावर मागवू लागला. लाइट बॅगेत लपवून आणला, "मित्राचा जुना आहे" म्हणून लावला. मातीची पोती गाडीच्या डिकीत राहिली आणि रात्री जेवणं झाल्यावर वर आली. सगळं सुरळीत चाललं होतं, पण एक पार्सल चुकून घरच्या पत्त्यावर पडलं. सोसायटीच्या गेटच्या अ‍ॅपवर त्या फ्लॅटसाठी नंबर होता बायकोचा. वॉचमनने एंट्री केली, तिचा फोन वाजला, तिने परवानगी दिली, खोका घरात आला. वर बिल चिकटवलेलं. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर, नऊ हजार आणि वर काही.

त्याला वाटलं, आता नऊ हजारांवरून होणार. तिने पैशाचा विषयच काढला नाही. ती त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि प्यायच्या पाण्याच्या फिल्टरकडे बोट दाखवलं. "याची कँडल बदलायची म्हटलं तर तू म्हणालास पुढच्या पगाराला बघू. गेले चार महिने मी पाणी उकळून गाळतेय. तुझ्या माशांना नऊ हजारांचा फिल्टर आणि आम्ही उकळलेलं पाणी पितोय." यावर काय उत्तर आहे? मला तरी सुचलं नाही, आणि मी त्याच्या बाजूने बोलायला गेले होते.

पुढे टँक विकायला काढला तेव्हा अर्धेही पैसे आले नाहीत. वापरलेल्या टँकला बाजारात किंमत नसते. गिऱ्हाईक फिल्टर आणि लाइट घासाघीस करून नेतं आणि काच तुमच्या गळ्यात राहते.

माझी पद्धत अशी. टँकच्या किमतीआधी महिन्याचा खर्च कागदावर मांडायचा आणि तो कागद घरच्यांच्या हातात द्यायचा; मी माझ्या नवऱ्याच्या हातात देते. तीन बाय दीड बाय दीड फुटाच्या टँकमध्ये साधारण 190 लिटर पाणी बसतं. 40 वॉटचा लाइट आठ तास आणि 20 वॉटचा फिल्टर चोवीस तास, म्हणजे दिवसाला 0.8 युनिट, महिन्याला 24. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मुंबईत घरगुती विजेचे दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांनी चढतात. तुमचं बिल आधीच 300 च्या काठावर असेल, तर ही 24 युनिटं त्यापुढच्या, चढ्या टप्प्याच्या दराने लागतात. बिल घरी कोण भरतं? तिला हे आधीच माहीत असलेलं बरं.

पाण्याचंही तसंच. आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं म्हणजे पन्नासेक लिटर, तीन बादल्या. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते रात्रभर उघडं ठेवायचं किंवा औषध घालायचं. ज्या घरात सकाळी तासभर पाणी येतं आणि बाथरूममध्ये एका माणसाला वळता येत नाही, तिथे रात्रभर तीन बादल्या कुठे ठेवणार, हे आधी ठरवा. धुण्याची बादली वापरू नका. साबणाचा अंश माशांना मारतो आणि सकाळी बादली सापडली नाही की घरातली माणसं तुम्हाला मारतात. माझ्या झाकणाच्या बादल्या वेगळ्या आहेत आणि त्या स्टँडखाली मावतात. मावतील अशाच घेतल्या.

पहिल्याच दिवशी मासे सोडणं

याचा बायकोशी काय संबंध, असं विचाराल. सगळा संबंध इथेच आहे.

नव्या टँकमध्ये माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांचा अमोनिया होतो. तो खाणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वाढायला वेळ लागतो. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट. पहिल्या दोन्ही गोष्टी माशांना विषारी. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे जातात. पण कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात पहाटे गेलेला नवशिका रिकाम्या हाताने परत येईल तर शपथ. पिशव्या भरून आणतो, दुपारी सोडतो, बुधवारी पहिला मासा उताणा, शनिवारपर्यंत निम्मे गेलेले. मुलगी रडते, आजी म्हणतात घरात जीव मरतोय हे काही बरं नाही, आणि पुढच्या रविवारी हा पठ्ठ्या परत कुर्ल्याला.

आता तिच्या जागी बसून बघा. तिच्या डोळ्यांसमोर दर आठवड्याला पैसे कमोडमधून वाहून जाताहेत. अशा माणसाने "अजून तीन हजार दे, यावेळी नक्की" म्हटलं तर कोण देईल?

दुकानदार बॅक्टेरियाची बाटली देतो आणि आज ओता, उद्या मासे सोडा म्हणतो. माझा त्या बाटल्यांवर विश्वास नाही. एकच शॉर्टकट मी मानते. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टँकच्या फिल्टरमधला मूठभर स्पंज किंवा सिरॅमिकच्या नळ्या मागून आणा आणि ओल्याच आपल्या फिल्टरमध्ये टाका. फुकट मिळतात. तरीही टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत थांबा. ज्यांना सहा आठवडे धीर निघत नाही त्यांनी भिंतीवर माशांचं कॅलेंडर लावावं.

आणि हा रिकामा महिना वाया जात नाही. टँक चालू आहे, विजेचं बिल आलंय, आवाज किती येतो ते कळलंय, बादल्यांची कसरत सगळ्यांनी पाहिली आहे, आणि नवीन खर्च शून्य. घरच्यांना हो किंवा नाही म्हणायला यापेक्षा चांगली वेळ नाही. नाही म्हणाले, तर एकही जीव मध्ये अडकलेला नसतो.

बाकीच्या, थोडक्यात

"मुलांसाठी घेतोय." मुलं पंधरा दिवसांत विसरतात. नाद तुमचा आहे, तो तुमच्याच नावावर मागा. मुंबईतल्या पुष्कळ लोकांना हे वेड लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात लागलेलं असतं. ते 1951 साली सुरू झालं, म्हणजे आजोबांपासूनची परंपरा आहे. त्यात लाज कसली?

"मग तुझ्या साड्यांचं काय?" हे वाक्य तोंडातून गेलं की विषय टँकचा राहत नाही. लग्नात कुणी काय दिलं इथपर्यंत जातो. आमच्याकडे दोघांना महिन्याला सारखी रक्कम वेगळ्या खात्यात जाते आणि त्याचा हिशोब कुणी कुणाला मागत नाही. नवरा ट्रेकचे बूट घेतो, मी रोपं घेते. त्यावरचा खर्च असेल तर विचारायचं, आणि नाही म्हणण्याचा हक्क दोघांनाही.

नो-कॉस्ट ईएमआयवर, म्हणजे "बिनव्याजी" हप्त्यांवर, सामान घेणं. व्याज तितक्याच सवलतीने भरून निघाल्यासारखं दिसतं, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि बहुतेकदा प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. बरं, स्टेटमेंटवर पुढचे नऊ महिने तीच ओळ दिसणार आणि नऊ महिने तोच विषय निघणार. साठवून घ्या.

एप्रिल-मेच्या उकाड्यात चिलरचा, म्हणजे टँकचं पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा हट्ट. पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. कमी झालेलं पाणी रोज भरा, झालं. थंड पाण्यातली नाजूक कोळंबी वन बीएचकेत पाळायलाच हवी, असा सरकारी नियम नाही.

जागा न मोजता टँक ठरवणं. तीन फुटी टँक भरल्यावर स्टँडसकट सव्वादोनशे किलोच्या पुढे जातो. "जरा सरकव ना, झाडायचंय" हे पुन्हा कधी शक्य नाही, आणि सोफा कुठे जाणार हे तुम्ही एकट्याने ठरवायचं नसतं.

गावाला जाताना माशांची सोय शेवटच्या दिवशी आठवणं. गणपतीची तिकिटं काढलेली आहेत आणि तुम्ही म्हणताय "मी दोन दिवस उशिरा येतो, माशांचं बघून". हा खर्च पैशात मोजत नाहीत, पण वसूल पुरेपूर होतो. मोठे, धडधाकट मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. निघायच्या आधी पाणी बदला, लाइट टायमरवर टाका आणि खाण्याचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवा. शेजारच्या काकूंच्या हातात तो देऊन गेलात तर त्या मायेने दिवसातून चारदा घालतील.