बसच्या घराचं फ्लोअर बदलताय? या चुका टाळा

जुन्या मिनीबसचं फिरतं घर करताना किचन, बेड, सोलर यांवर महिनाभर खल होतो आणि फ्लोअर दोन दिवसांत उरकलं जातं. मीही तेच केलं. सुताराने सडका प्लाय काढून 18 मिमीचा नवा टाकला, वर लाकडासारखं दिसणारं विनाइल चिकटवलं. काम एकदम देखणं. चार महिन्यांनी डिझेलचा काटा शून्यावर चिकटला. दोष टाकीतल्या फ्लोटचा, म्हणजे डिझेलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या भागाचा. मेकॅनिकने विचारलं, "फ्लोटचं झाकण कुठाय?" झाकण नव्या प्लायखाली होतं आणि त्यावर बेड बोल्ट केलेला. शेवटी टाकी रिकामी करून खाली उतरवावी लागली. अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस गेले.

तेव्हा दुरुस्तीसाठी फ्लोअरमध्ये उघडणारी झाकणं ठेवा, आणि ती कुठे हवीत हे ठरवायला जुनं फ्लोअर उचकटण्याआधी गाडीखाली झोपा. गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचं (चाकांना ताकद पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याचं) सेंटर बेअरिंग, फ्लोट, वायरिंगचे जोड, ब्रेकचे पाइप यांची जागा दाराची पायरी आणि मागच्या चाकाची कमान यांपासून मोजा. टेप लावूनच फोटो काढा. इंजिन मागे असेल तर मागचा बहुतेक भाग उघडता यायलाच हवा. मात्र जे खालून आरामात होतं, त्याला वरून झाकण नको. प्रत्येक भोकातून धूळ आणि आवाज आत येतो. झाकणाचं माप ठरवताना पाना धरलेला हात आत जाऊन शिवाय आत दिसतं का, ते बघा.

बेड आणि कपाटांचा आराखडा त्यानंतर. आधी फर्निचर ठरवलं की झाकण नेमकं फ्रिजखाली येतं.

कापलेल्या प्लायच्या कडा अधांतरी सोडू नका, चारही बाजूंनी लोखंडी अँगलची चौकट द्या. चौकटीसाठी चॅसिसचा आडवा मेंबर मात्र कापायचा नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढा, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असेल तर त्याचा कनेक्टरही. ठिणग्या टाकीवर आणि नायलॉनच्या पाइपांवर पडू देऊ नका, अग्निशामक हाताशी ठेवा. भोक पाडताना ड्रिलबिटला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा. लांब स्क्रू खालच्या पाइपात घुसल्याचं बऱ्याचदा रस्त्यावर आल्यावर कळतं.

झाकण लाकडी स्क्रूने बसवणं हा आपल्याकडचा सर्वांत लाडका आळस. पाचसहा वेळा उघडलं की प्लायमधली भोकं सैल होतात आणि खडखड सुरू. चौकटीत रिव्हेट नट (रिव्हेटसारखे पक्के बसणारे आट्यांचे नट) बसवून एम 6 चे, म्हणजे 6 मिमी जाडीचे, चपट्या डोक्याचे बोल्ट वापरा, मध्ये रबराची पट्टी द्या. विनाइल झाकणावर वेगळं कापा आणि कडेला ॲल्युमिनियमची पट्टी मारा. सलग विनाइल सुंदर दिसतं खरं, पण पहिल्याच दुरुस्तीत ते फाडावं लागतं.

पावसाळ्यात झाकण अडकतंय? कापलेल्या कडा सील न केल्याने प्लाय फुगलाय. कोरडा झाल्यावर कडा घासा, दोन-तीन मिमी फट ठेवा, पीयू (पॉलियुरेथेन) कोट दोन हात द्या. धुराचा वास येत असेल तर फट बुजवण्याआधी सायलेन्सरचे जोड तपासा. नुसती टेप लावून झोपणं जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आत त्याचा अलार्म हवाच.

जुन्या फ्लोअरवरच नवा थर टाकायचा मोह होतो. 18 मिमी प्लाय चौरस मीटरला साधारण 12 किलो भरतो, म्हणजे 12 चौरस मीटरला दीडशे किलो वाढले. शिवाय खालचा गंज झाकला जातो. गंज घासून प्राइमर मारा आणि मगच पुढे जा. बसचं घर करण्याच्या एकूण बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरटीओची मंजुरी लागते, ती आधीच मिळवा.

विनाइल चिकटवण्याआधी ते नुसतं अंथरा, सामान जागेवर ठेवा आणि मेकॅनिकला बोलावून प्रत्येक झाकण उघडायला लावा. तो कुरकुर करेल. त्याने जिथे कुरकुर केली, तिथे करवत पुन्हा चालवा.