बीआय सॉफ्टवेअर घेताना घोडं कुठे अडतं: या चुका टाळा

बीआय (बिझनेस इंटेलिजन्स, म्हणजे कंपनीच्या डेटातून रिपोर्ट आणि ग्राफ काढणाऱ्या) सॉफ्टवेअरचा डेमो पाहताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची: पडद्यावर दिसतोय तो डेटा विकणाऱ्याचा आहे, आपला नाही. त्यात एकाच ग्राहकाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं नसतं. तारखेच्या रकान्यात कुणी 'नंतर कळवतो' असं टाइप केलेलं नसतं. परत आलेला माल विक्रीतून वजा करायचा की नाही, यावरून सेल्स आणि अकाउंट्समध्ये जुंपलेली नसते. अशा डेटावर पॉवर बीआय, टॅब्लो, क्लिक, लुकर, मेटाबेस, सगळेच झकास दिसतात. टूल घेतलं आणि सहा महिन्यांत कुणी उघडेनासं झालं, अशा ठिकाणी मला बोलावणं येतं. बहुतेक वेळा घोडं अडलेलं असतं ते डेमोच्या दिवशी कुणी विचारलीच नाही अशा एखाद्या साध्या गोष्टीपाशी.

आधी टूल, मग प्रश्न

सुरुवातच 'कुठलं टूल चांगलं?' इथून होते. त्याऐवजी गेल्या महिन्यात लोकांनी खरोखर मागितलेले दहा आकडे लिहून काढा. कुणी मागितला, किती वेळात हवा होता, मिळाल्यावर त्याचं काय केलं. शेवटच्या रकान्यात 'काहीच नाही' आलं तर तो आकडा यादीतून कापा. उरलेली यादी घेऊन डेमोला बसा आणि तेवढंच दाखवायला सांगा.

ट्रायल स्वतःच्या डेटावर न घेणं

सगळ्यांत महागात पडते ती ही चूक, आणि ती कशी पडते ते जवळून पाहण्यासारखं आहे.

समजा ऑर्डर १०१ ची रक्कम ५,००० आहे. तिच्यात वस्तू ३, आणि पैसे आले २ हप्त्यांत. ऑर्डर, वस्तू आणि पेमेंट ही तीन टेबलं कुणी सरळ जॉइन केली, म्हणजे जोडून एकच टेबल केलं, की या एका ऑर्डरच्या ३ × २ म्हणजे ६ ओळी होतात आणि प्रत्येक ओळीत ५,००० येऊन बसतात. बेरीज ३०,०००. टूल कसलीही एरर देत नाही, ग्राफ छान चढता दिसतो. एका कंपनीत असा फुगलेला आकडा महिनाभर भिंतीवरच्या स्क्रीनवर झळकत होता. सेल्सवाले खूश, आणि अकाउंट्सवाले गप्प, कारण त्यांना वाटत होतं आपलंच काहीतरी चुकतंय.

संशय आला तर अख्खा डॅशबोर्ड तपासत बसू नका. एकच ऑर्डर धरा, तिच्यावर फिल्टर लावा आणि ओळी मोजा. एक हवी तिथे सहा दिसल्या की रोग सापडला. टूल हे कसं हाताळतं ते मात्र वेगवेगळं आहे. टॅब्लोने २०२०.२ आवृत्तीत 'रिलेशनशिप' आणल्या. त्यात टेबलं आधीच एकमेकांना चिकटवली जात नाहीत, प्रत्येकाची पातळी वेगळी राहते. लुकर 'सिमेट्रिक ॲग्रिगेट' वापरून ही दुबार बेरीज टाळतं, पण प्रत्येक टेबलाची प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखता येईल असा रकाना) त्याला नीट सांगितली असेल तरच. पॉवर बीआयमध्ये टेबलं वेगळी ठेवून नातं जोडलं तर बेरीज बरोबर येते; पॉवर क्वेरीत, म्हणजे त्याच्या डेटा साफ करायच्या भागात, मर्ज करून एकच लांबलचक टेबल केलं की पुन्हा तोच घोळ. म्हणून ट्रायलमध्ये अशी त्रासदायक ऑर्डर शोधून मुद्दाम टाकायची. जोडीला एखादं परत आलेलं बिल, एखादी रद्द झालेली एंट्रीही असू द्या.

दोन रिपोर्ट, दोन आकडे

'सक्रिय ग्राहक' म्हणजे कोण? ३० दिवसांत खरेदी केलेला की ९० दिवसांत? हे टूल ठरवत नाही. पण एकदा ठरलेली व्याख्या एकाच जागी लिहून सगळ्या रिपोर्टना तिथूनच वापरायला लावता येते का, हे टूलवर अवलंबून असतं. लुकरमध्ये हे काम लुकएमएल ही त्याची व्याख्या लिहायची भाषा करतं, पॉवर बीआयमध्ये सिमँटिक मॉडेल, म्हणजे टेबलं, नाती आणि फॉर्म्युले यांचा सामायिक साठा. जिथे प्रत्येक जण आपापला फॉर्म्युला लिहितो, तिथे मीटिंगचा पहिला अर्धा तास 'तुझा आकडा कुठून आला' यातच जातो.

सरासरीचीही तीच गत. एका शाखेत १० ऑर्डर, सरासरी ५००. दुसरीत ९० ऑर्डर, सरासरी १००. दोन सरासरींची सरासरी ३०० येते, खरी सरासरी १४०. आकडे जुळत नसतील तर तारखांनंतर मी आधी हेच बघतो.

तारखा आधी का, तर क्लाउडवरचं घड्याळ. पॉवर बीआय सर्व्हिस, म्हणजे त्याचा क्लाउडवरचा भाग, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालते. रिपोर्टमध्ये 'आज' असा फॉर्म्युला असेल तर तो तुमच्या कॉम्प्युटरवर एक दिवस दाखवतो आणि पब्लिश केल्यावर कधी कधी दुसराच. ज्यांचं घड्याळ यूटीसीच्या पुढे आहे, त्यांना सकाळी सकाळी 'आजची विक्री' या नावाखाली कालचा आकडा दिसतो. ट्रायलमधला रिपोर्ट दुपारी तपासला तर हे लक्षातच येत नाही.

लायसन्स मोजताना फक्त बनवणारे मोजणं

रिपोर्ट बनवणारे चार, पाहणारे दोनशे. खर्चाचा खरा हिशेब त्या दोनशेंचा असतो. पॉवर बीआय प्रोमध्ये पाठवणारा आणि पाहणारा, दोघांनाही लायसन्स लागतं; पाहणाऱ्यांना मोफत ठेवायचं तर मायक्रोसॉफ्ट फॅब्रिकची एफ६४ किंवा त्याहून मोठी कपॅसिटी, म्हणजे कंपनीसाठी राखून ठेवलेली सर्व्हरची ताकद, घ्यावी लागते. टॅब्लोत क्रिएटर, एक्सप्लोरर आणि व्ह्यूअर असे वेगळे दर आहेत. मेटाबेस किंवा अपाची सुपरसेट यांच्या ओपन सोर्स आवृत्तीला लायसन्सचे पैसे नाहीत, पण सर्व्हर, बॅकअप आणि अपग्रेड कुणाच्या गळ्यात पडणार ते आधी ठरवा.

लायसन्स वाचवायला काही जण पॉवर बीआयचं 'पब्लिश टू वेब' वापरतात. हे अजिबात करू नका. ती लिंक लॉगिन मागत नाही; ज्याच्या हाती पडेल त्याला तुमची विक्री दिसते.

हक्कांच्या बाबतीत आणखी एक गोची आहे. प्रत्येक विभागप्रमुखाला फक्त आपल्या विभागाच्या ओळी दिसाव्यात म्हणून रो लेव्हल सिक्युरिटी लावतात, आणि तरी सगळ्यांना सगळं दिसतं. कारण पॉवर बीआयच्या वर्कस्पेसमध्ये (टीमच्या सामायिक फोल्डरमध्ये) ती फक्त व्ह्यूअर ही भूमिका दिलेल्याला लागू होते. मेंबर किंवा कॉन्ट्रिब्यूटर केलं असेल तर नियम आपोआप बाजूला. स्वतःच्या लॉगिनने तपासून काही कळत नाही, समोरच्याला शेजारी बसवून त्याच्या लॉगिनने उघडा.

'आम्हाला रिअल टाइम हवं'

हवं कशाला, हे विचारलं की बहुतेक वेळा 'रोज सकाळी' एवढंच उत्तर निघतं. पॉवर बीआय प्रोमध्ये दिवसाला ८ शेड्यूल्ड रिफ्रेश (ठरल्या वेळी डेटा आपोआप नव्याने भरणं) मिळतात, वरच्या प्रीमियम योजनेत ४८. त्याहून ताजं हवं तर डायरेक्टक्वेरी आहे, पण मग रिपोर्टवरचा जवळजवळ प्रत्येक क्लिक थेट मूळ डेटाबेसवर जाऊन धडकतो. बिलं जिथे बनतात तोच डेटाबेस असेल तर डॅशबोर्ड हळू चालतो तो चालतोच, बिलंही अडकतात.

रिफ्रेश बंद पडला तर पाहायचं ते असं: गेटवेचं (ऑफिसमधला डेटाबेस आणि क्लाउड जोडणाऱ्या प्रोग्रामचं) मशीन चालू आहे का, डेटाबेसचा पासवर्ड बदललाय का, कुणी एखाद्या कॉलमचं नाव बदललंय का. या तिघांतच बहुतेक वेळा उत्तर मिळतं. गेटवे एखाद्याच्या लॅपटॉपवर टाकलेला मी पाहिलाय. माणूस रजेवर गेला आणि त्याच्याबरोबर कंपनीचे आकडेही. लागोपाठ चार वेळा फसलं की पॉवर बीआय ते शेड्यूल स्वतःच बंद करतं, तेव्हा दुरुस्ती झाल्यावर ते हाताने पुन्हा चालू करायला विसरू नका.

एक्सेलशी वैर

नवं टूल आलं की 'आता एक्सेल बंद' असं फर्मान निघतं. लोक ऐकत नाहीत, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही. एक्सेलमध्ये आकडे तपासणं ठीक, एक्सेलमध्ये कंपनीचा डेटा साठवणं धोक्याचं. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या एक्सएलएस फाइलची ६५,५३६ ओळींची मर्यादा ओलांडली गेली आणि कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून वेळेवर आलेच नाहीत. तेव्हा एक्सपोर्ट असू द्या, पण त्याची मर्यादा विचारून ठेवा: पॉवर बीआयच्या व्हिज्युअलमधून (रिपोर्टवरच्या एका ग्राफ किंवा तक्त्यातून) एक्सेलला १,५०,००० ओळी निघतात, सीएसव्हीला ३०,०००.

बाहेर पडायची वाट

जून २०१९ मध्ये एकाच महिन्यात गूगलने लुकर आणि सेल्सफोर्सने टॅब्लो विकत घेत असल्याचं जाहीर केलं. मालक बदलतात, दर बदलतात. डॅक्समध्ये (पॉवर बीआयच्या फॉर्म्युल्यांच्या भाषेत) किंवा लुकएमएलमध्ये लिहिलेलं दुसऱ्या टूलमध्ये जसंच्या तसं जात नाही. म्हणून साफसफाई आणि जोडाजोडीचं काम शक्य तितकं डेटाबेसमध्येच एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत करून ठेवा, टूलकडे फक्त दाखवायचं काम राहू द्या.

आणि ट्रायलच्या शेवटच्या दिवशी व्हेंडरच्या माणसाला चहाला पाठवा, माउस अकाउंट्समधल्या कुणाच्या तरी हातात द्या. मागच्या, हिशेब बंद झालेल्या महिन्याची निव्वळ विक्री काढायला सांगा आणि ती वहीतल्या आकड्याशी लावून बघा. सही त्यानंतर.