ऑफिसात वर्गणी काढण्याआधी

दीडशे माणसांच्या ऑफिसात जवळच्या एखाद्या संस्थेसाठी लाखभर रुपये उभे करणं फारसं अवघड नाही. कटकट नंतर सुरू होते. पैसे कुणाच्या खात्यात गेले, पावती कुणाच्या नावाने निघाली, आणि सहा महिन्यांनी "त्या पैशांचं पुढे काय झालं हो?" असं कुणी विचारलं तर दाखवायचं काय? पोस्टरचा रंग ठरवण्याआधी हे तीन प्रश्न मिटवून टाका. पुढचं सगळं महाराष्ट्रातली खासगी ऑफिसं आणि कारखाने डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. इथे सगळ्यांच्या तोंडी बसलेले जुने क्रमांकच वापरले आहेत.

आधी संस्थेचे कागद

संस्थेकडून पाच गोष्टी मागवा: धर्मादाय आयुक्त कार्यालयाचं नोंदणी प्रमाणपत्र, १२एबी (संस्थेची आयकर खात्याकडची नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट देणारी मान्यता) यांचे आदेश, पॅन, संस्थेच्या नावाचा रद्द केलेला चेक आणि गेल्या दोन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. हे मागताना संकोच करू नका. धड चाललेल्या संस्थेकडे ही फाइल तयारच असते.

८०जीच्या आदेशावर मुदत तपासा. २०२१-२२च्या सुमारास पुन्हा नोंदणी झालेल्या जुन्या संस्थांची पाच वर्षांची मान्यता ३१ मार्च २०२६पर्यंतच होती. नूतनीकरणाचा आदेश हातात नसेल, तर "८०जी मिळेल" असं कुणालाही सांगू नका. लेखापरीक्षण अहवालात ताळेबंद आणि जमाखर्च पाहा: कर्मचाऱ्यांचं मानधन, भाडं आणि प्रत्यक्ष कामाचा खर्च वेगवेगळा दिसतो का, बँकेत शिल्लक किती आहे. दोन वर्षांच्या खर्चाइतकी शिल्लक पडून असेल तर ती कशासाठी ठेवली आहे हे विचारा. कारण योग्यही असू शकतं, पण ते तुम्हाला माहीत हवं, कारण ऑफिसात कुणीतरी विचारणारच.

एक मोह टाळा: "आधी आपण गोळा करू, मग एकरकमी देऊ" म्हणून उत्साही सहकाऱ्याच्या खात्यावर पैसे घेणं. हेतू कितीही स्वच्छ असला तरी ते पैसे त्याच्या वैयक्तिक खात्यात दिसतात, पावत्या विस्कटतात, आणि धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करण्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१क लागतं. गणेश मंडळं वर्गणीआधी ज्याखाली परवानगी घेतात तेच हे कलम. पैसे पहिल्या रुपयापासून थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या.

रक्कम कशी ठरवायची

"जमेल तेवढं द्या" म्हटलं की शंभराची नोट निघते. आकडा कामाच्या हिशोबातून काढा. समजा वस्तीतल्या ४० मुलांची संध्याकाळची अभ्यासिका आहे. दोन ताईंचं मानधन ६,००० प्रमाणे १२,०००, खोलीचं भाडं ५,०००, लाइट-पाणी १,०००, आणि रोजचा खाऊ मुलामागे १० रुपये, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे ९,६००. एकूण २७,६०० रुपये महिना. एका मुलाचे ६९०. तीन महिन्यांचे ८२,८००. दीडशेपैकी पन्नास जण देतील असं धरलं तर माणशी सरासरी १,६५६ पडतात. हे ऑफिसाला झेपणारं आहे की नाही, ते आता कागदावर दिसतं.

लोकांना दप्तरं आणि वह्या द्यायला आवडतं, भाड्याला नाही. त्यामुळे कपाटात दप्तरं साठतात आणि ताईंचं मानधन थकतं. मानधन आणि भाडं आकड्यात उघडपणे धरा आणि तसंच सांगा. जुने कपडे नि खेळणी 'वस्तू स्वरूपात' घेण्याच्या भानगडीत पडू नका. त्यातला बराच माल संस्थेला पुन्हा टाकावा लागतो, नि वस्तूंवर ८०जीची सवलतही नसते. घ्यायच्याच असतील, तर संस्थेने लिहून दिलेल्या यादीतल्या नव्या वस्तूच घ्या.

दिवस कोणते

पगाराच्या दिवशी सुरू करायचं आणि दहा कामाच्या दिवसांत बंद करायचं. महिनाभर चाललेली मोहीम तिसऱ्या आठवड्यात मरते, आणि वीस तारखेनंतर ईएमआय भरून झालेला माणूस पोस्टरकडे बघतही नाही. मार्चचा उत्तरार्ध आणि गणपतीचा आठवडा सोडा. शालेय साहित्यासाठी मोहीम असेल, तर एप्रिलचा पगार पकडा: शाळा जूनच्या मध्याला उघडतात (विदर्भात थोड्या उशिरा), त्याआधी वह्यांची घाऊक खरेदी उरकावी लागते, आणि मेच्या उत्तरार्धात अर्धं ऑफिस गावी असतं. इतर कामांसाठी २ ते ८ ऑक्टोबर हा आठवडा सोयीचा पडतो. २००९मध्ये सुरू झालेला 'दान उत्सव' देशभर याच दिवसांत होतो, त्यामुळे व्यवस्थापनाला विषय नव्याने समजावावा लागत नाही. पगार नुकताच झालेला असतो आणि दिवाळीची खरेदी अजून व्हायची असते.

तयारीला सहा आठवडे ठेवा. पहिले दोन संस्थेच्या कागदांना, पुढचे दोन एचआर, अकाउंट्स आणि कारखाना असेल तर कामगार संघटनेशी बोलायला. संघटनेला पोस्टर लागल्यावर कळलं, तर मोहीम चांगली असूनही अडते. शेवटच्या दोन आठवड्यांत मजकूर, क्यूआर आणि प्रत्येक मजल्यासाठी एक माणूस नेमणं.

पैसे घेण्याचे तीन मार्ग

*क्यूआर.* संस्थेच्या बँकेने दिलेलाच क्यूआर लावा, आणि स्वतः एक रुपया पाठवून स्क्रीनवर संस्थेचं पूर्ण नाव येतं का ते बघा. सचिवांचं नाव आलं तर तिथेच थांबा. ए-४ आकाराची प्रत, खाली संस्थेचं नाव आणि खातं क्रमांकाचे शेवटचे चार आकडे छापलेली, चहाच्या मशीनशेजारी नि कॅन्टीनच्या वॉशबेसिनवर लावा. लिफ्टजवळ नको, तिथे कुणी थांबत नाही. खरी गोम पुढे आहे. यूपीआयने आलेल्या पैशांसोबत संस्थेला नाव दिसतं, पॅन दिसत नाही. म्हणून क्यूआरखालीच एका फॉर्मची लिंक द्या: पूर्ण नाव (पॅनवर आहे तसंच), पॅन, पत्ता, रक्कम, तारीख आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. यूटीआर नसेल तर एकाच दिवशी ५०० रुपये देणाऱ्या तीन 'संदीप पाटील'मधला कोणता कोण, हे अकाउंटंटला सात जन्मांत कळत नाही.

*पगारातून कपात.* जास्त पैसे इथूनच येतात, पण लेखी संमतीशिवाय एक रुपयाही कापू नका. संमतिपत्रात रक्कम, किती महिने आणि 'अमुक तारखेपर्यंत कळवल्यास पुढची कपात बंद' ही ओळ हवी. 'नको असेल त्यांनी कळवा' हा प्रकार करू नये. नकार कळवायची भीड पडते, आणि मग कुजबुज सुरू होते. 'एक दिवसाचा पगार' मागणार असाल तर कशाचा ते लिहा. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल, तर २६ दिवसांनी भागून १,००० होतात आणि ३० दिवसांनी ८६७. पगारपत्रकावर आकडा बघून माणूस चिडतो तो याच फरकावरून.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी गडबड. अकाउंट्स विभाग कापलेले पैसे एकरकमी संस्थेला पाठवतो, संस्था कंपनीच्या पॅनवर एकच पावती फाडते, आणि पन्नास माणसांचे पैसे कागदोपत्री कंपनीची देणगी ठरतात. रक्कम पाठवतानाच नाव, पॅन, पत्ता आणि ज्याची त्याची रक्कम अशी यादी सोबत जायला हवी, आणि यादीची बेरीज बँकेच्या रकमेशी पैशापैशाने जुळायला हवी. यादीवर पासवर्ड टाका. व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही नको.

*रोख.* शक्य तितकी कमी. २,०००पेक्षा जास्त रोख देणगीवर ८०जी मिळत नाही. डब्यातले पैसे संस्थेच्या हिशोबात निनावी देणगी होतात. वर्षाकाठी एक लाख किंवा एकूण देणग्यांचे ५ टक्के, यातल्या मोठ्या आकड्याच्या वर निनावी देणगी गेली, तर वरच्या भागावर संस्थेला ३० टक्के कर लागतो. डबा ठेवलाच तर शेजारी पावतीपुस्तक ठेवा आणि रोज संध्याकाळी दोघांनी मोजून सही करा.

करसवलतीबद्दल खरं बोला

"निम्मा कर वाचतो" असं पोस्टरवर लिहिणारे बरेच असतात. ते चूक आहे. बहुतेक संस्थांना देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते. २,००० दिले तर १,००० उत्पन्नातून वजा होतात, आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह ३१२ रुपये वाचतात. तेही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. नव्या प्रणालीत ही वजावट नाही, आणि आता आपण होऊन जुनी निवडली नाही तर नवीच लागू होते. सवलतीच्या आशेने दिलेल्या माणसाला जुलैत हे कळलं, तर पुढच्या वर्षी तो चार जणांना घेऊन बाजूला बसतो.

दिवाळीत बचत गटाच्या पणत्या, उटणं, फराळ यांचा स्टॉल लावणं उत्तम, पण ती खरेदी आहे, देणगी नव्हे. त्यावर ८०जीची पावती मागू नका. तिकिटं विकून लकी ड्रॉ काढू नका, लॉटरीवर कायद्याची बंधनं आहेत.

परदेशी पासपोर्ट आणि कंपनीचा वाटा

लंडन किंवा न्यू जर्सीच्या शाखेतले मराठी सहकारी आवर्जून विचारतात, "आम्हीही देऊ का?" भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे चालतात. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते. तिला संस्थेची एफसीआरए (विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं विशेष खातं लागतं. छोट्या संस्थांकडे ते सहसा नसतं. स्पष्ट नाही म्हणा. एका चुकीच्या देणगीपायी संस्था अडचणीत येते.

कंपनी तेवढीच भर घालणार असेल तर मोहीम दुप्पट होते. ती रक्कम सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या कायद्याने ठरलेल्या सामाजिक खर्चातून यायची असेल तर संस्थेकडे सीएसआर-१ फॉर्मचा नोंदणी क्रमांक हवा आणि कंपनीच्या संचालक मंडळाची मंजुरी आधी हवी. कर्मचाऱ्यांनी दिलेले पैसे कंपनीच्या सीएसआर खर्चात धरता येत नाहीत. कुणी तसं सुचवलं तर अकाउंट्सला लगेच विचारा.

मागायचं कसं

साहेबांनी सगळ्यांसमोर मागू नये. देणाऱ्यांची रकमेसह यादी नोटीस बोर्डावर लावू नये. कुणी किती दिलं हे विभागप्रमुखालाही कळू नये. कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक, हाऊसकीपिंगच्या मावशी यांच्याकडे आपण होऊन मागू नका; त्यांनी दिलं तर पावती मात्र तशीच द्या. मेल छोटा ठेवा:

"गांधीनगर वस्तीतल्या अभ्यासिकेत ४० मुलं रोज संध्याकाळी येतात. एका मुलाचा महिन्याचा खर्च ६९० रुपये. तीन महिन्यांसाठी ८२,८०० हवे आहेत. फूल ना फुलाची पाकळी, शुक्रवार १० तारखेपर्यंत. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातात. हिशोब ३० तारखेला याच मेलवर."

दुसरा मेल मध्यावर, आतापर्यंत जमलेल्या आकड्यासह. तिसरा शेवटच्या दिवशी सकाळी. चौथा पाठवू नका. रात्रपाळी असेल तर रात्री साडेदहाला पाळी बदलताना कुणीतरी प्रत्यक्ष उभं राहायला हवं, कारण तिथे मेल कुणी वाचत नाही.

बंद केल्यावर

तीन दिवसांत संस्थेच्या बँक उताऱ्याशी यादी जुळवा. ठरलेल्या तारखेला हिशोब पाठवा: किती जमले, किती जणांनी दिले, किती पावत्या बाकी. लक्ष्य गाठलं नसेल तर तेही लिहा आणि संस्था त्यात किती महिने चालवणार ते सांगा. मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो टाळा; भाड्याची पावती आणि हजेरीपटाचं नावं झाकलेलं पान पुरतं.

संस्थेला वर्षभरातल्या देणगीदारांची माहिती १०बीडी फॉर्ममधून ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरावी लागते, आणि त्यातूनच प्रत्येकाचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. छापील पावती हातात असली तरी वजावटीसाठी हे प्रमाणपत्र लागतं. उशीर झाला तर संस्थेला दिवसाला २०० रुपये शुल्क पडतं. म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तुमची यादी संस्थेच्या अकाउंटंटला पुन्हा पाठवा, मेच्या मध्यावर फोन करा, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रमाणपत्रं वाटताना प्रत्येकाला पॅन आणि रक्कम तपासायला सांगा. चूक निघाली तर संस्थेला दुरुस्त विवरण भरता येतं, पण विवरणपत्राच्या ३१ जुलैच्या गर्दीत तो फोन करू नका. तेव्हा अकाउंटंट फोन उचलत नाही.