वणव्याचा सीझन आलाय, घरात म्हातारी माणसं असतील तर आधी जनावरांचं ठरवा

गवत वाळून कडकडीत झालं, वारा सुटायला लागला की वणव्याची तयारी करायची असते हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी ते काम मागे पडतं. शेतावर आता बऱ्याच ठिकाणी सत्तरीतली दोघंच राहतात, पोरं लांब, म्हणून हे त्या दोघांसाठी आणि त्यांच्या पोरांसाठी पण लिहितोय.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाईज गाव वणव्यात गेलं, ८५ माणसं मेली आणि त्यातली बहुतेक ६५ च्या पुढची होती. आग सकाळी लागली आणि दीड-दोन तासांत गावात शिरली. एवढ्या वेळात आपलं गुडघे धरून उठणं, चष्मा शोधणं, गोळ्या शोधणं, गोठ्याकडे जाऊन येणं काय काय होणार ते तुम्हीच मोजून बघा. मी तर म्हणतो खरंच घड्याळ लावून बघा एकदा, दाराबाहेर गाडीत बसेपर्यंत किती मिनिटं लागतात ते.

आता मुद्द्याचं. म्हातारा शेतकरी उशिरा निघतो तो बहुतेक वेळा जनावरांपायी, तुम्ही निघा मी गुरं सोडून येतो म्हणतो आणि अडकतो. म्हणून जनावरांचा निर्णय आजच घेऊन ठेवा, आग दिसल्यावर नको. एक शेत असं ठेवा की जे पूर्ण चरून साफ झालंय किंवा नांगरलेलं आहे, काळी माती उघडी, जळायला काहीच नाही, आणि धोक्याच्या दिवशी सकाळीच गुरं तिथे हलवा, पाणी भरून ठेवा. तेवढा वेळ नाहीच मिळाला तर दावं सोडा, आतली फाटकं उघडा आणि निघा, फक्त मेन रोडकडचं फाटक बंद राहू द्या नाहीतर पळणाऱ्या गाड्यांसमोर गुरं येतील. बांधलेलं जनावर मात्र हमखास मरतं. नायलॉनची म्होरकी काढून टाका, ती वितळून चामड्याला चिकटते.

धोक्याचा दिवस ओळखायला सोपा हिशोब आहे: तापमान ३० अंशाच्या वर, हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर, तिन्ही एकत्र आले की त्या दिवशी ठिणगी पडली तर आवरत नाही. हवामानाच्या ॲपवर तिन्ही आकडे दिसतात, नातवाला लावून द्यायला सांगा. चालायला त्रास असेल, ऑक्सिजन लागत असेल, घरात विसराळूपणाचा आजार असलेलं कोणी असेल तर अशा दिवशी धूर दिसायची वाटच बघू नका, सकाळी चहा घेऊन नातेवाईकांकडे जाऊन बसा, संध्याकाळी परत या. चार वेळा उगाच गेलात तरी चालतंय, लोक हसले तर हसू दे.

घराभोवतीचं काम आत्ताच, गवत पूर्ण वाळायच्या आधी. भिंतीपासून दीड मीटरात जळेल असं काहीही नको, लाकडं नको, पाला नको, पायपुसणं पण नको, कारण घरं बऱ्याचदा ज्वाळेने पेटत नाहीत, वाऱ्याने उडून आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात आणि ते निखारे किलोमीटरभर लांबून पण येतात. त्यापुढे ३० मीटरपर्यंत गवत बुटकं ठेवा. गंजी आणि डिझेलचे कॅन घरापासून आणि एकमेकांपासून लांब. घर उताराच्या वरच्या अंगाला असेल तर घराच्या खालच्या, उताराकडच्या बाजूला जास्त रुंद पट्टा साफ करा, आग चढावर जास्त वेगाने धावते, १० अंशाच्या चढाला साधारण दुप्पट. गवताची कापणी सकाळच्या दवातच करा, दुपारी मशीनचं पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते, आणि कितीतरी वणवे असेच शेतकऱ्याच्याच हातून लागतात (राग येऊ देऊ नका, पण खरं आहे). कचरा जाळायचं काम एकट्याने अजिबात नको. छपरावर चढून पन्हाळी साफ करणं हे पण पोरांचं काम, आगीआधी शिडीवरून पडून दवाखान्यात जाऊ नका.

बॅग दाराजवळ. आठवडाभराच्या गोळ्या, गोळ्यांची चिठ्ठी, जुना चष्मा, कानाच्या मशीनचे सेल, कागदांच्या झेरॉक्स, टॉर्च. इन्सुलिन असेल तर थंड पिशवी बॅगेजवळच, म्हणजे विसरणार नाही. लाईट जाणारच हे धरून चाला, मग ऑक्सिजनचं मशीन बंद पडतं, त्याला बॅटरी किंवा सिलेंडर काय ते डॉक्टरांना आधीच विचारा. रात्री कानाचं मशीन काढून झोपणाऱ्याला साध्या अलार्मची बारीक शिट्टी ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी जाड आवाजाचा किंवा पलंग हलवणारा अलार्म मिळतो तो घ्या, आणि शेजाऱ्याकडे एक चावी द्या, त्याने येऊन हलवून उठवायचं असं बोलून ठेवा.

निघताना सुती किंवा लोकरीचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बूट. धुरासाठी एन-९५ मास्क, ओल्या रुमालाने बारीक धूर अडत नाही, आणि हृदयाच्या पेशंटला हाच धूर आगीपेक्षा आधी गाठतो. सीझनभर गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा, टाकी अर्ध्याच्या खाली नको, बाहेर पडायचे दोन रस्ते ठरलेले हवेत. तहान लागो न लागो पाणी पीत राहा, वय झालं की तहान नीट कळत नाही.

परतल्यावर लगेच शेत बघायला धावू नका. जळालेल्या झाडाची मुळं जमिनीखाली कितीतरी दिवस धुमसत राहतात, वरून राख सारखीच दिसते आणि टेकलेली काठी सरळ आत जाते, काठीमागोमाग पाय.