भेकाच्या विषाची चाचणी: या चुका टाळा

'उंदराच्या पेशींवर परिणाम नाही, म्हणजे संयुग सुरक्षित.' भेकाच्या विषातली संयुगं जंतू मारतात का आणि माणसाच्या पेशींना इजा करतात का, हे तपासणाऱ्या अहवालात हे वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. बुफालिन, सिनोबुफॅगिन, मॅरिनोबुफॅगिन ही भेकाच्या ग्रंथींतली बुफाडायनोलाइड्स (स्टेरॉइडसारखी विषारी संयुगं) पेशीचा सोडियम-पोटॅशियम पंप, म्हणजे सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारं प्रथिन, बंद पाडतात. उंदरा-घुशींत या पंपाचा अल्फा-१ प्रकार मुळातच चिवट; माणसाचा पंप जिथे बंद पडतो तिथे तो बिनधास्त चालू असतो. एका विद्यार्थ्याने उंदराच्या एल९२९ पेशींवर एमटीटी (जिवंत पेशी किती उरल्या हे जांभळ्या रंगावरून मोजणारी चाचणी) करून निवडकतेचा आकडा (पेशींना मारणारी मात्रा भागिले जंतूंना रोखणारी मात्रा) इतका घसघशीत काढला की पोस्टरचं शीर्षकसुद्धा ठरलं. म्हटलं, आधी माणसाच्या पेशी लाव. दुसऱ्या दिवशी एचईके २९३ या माणसाच्या पेशींची प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर सगळ्यात कमी मात्रेच्या विहिरीतही (प्लेटमधल्या खळग्यातही) पेशी गोल होऊन तरंगत होत्या. पोस्टर बारगळलं. म्हणून माझ्याकडे पहिली प्लेट माणसाच्या पेशींचीच लागते, घाई असली तरी.

आणि रक्तपेशींवरच्या चाचणीत त्या फुटल्या नाहीत म्हणून हायसं वाटून घेऊ नका. त्या चाचणीत पेशीचं पटल (आवरण) फाटलं की नाही एवढंच कळतं. पंपाबद्दल ती मुकी असते.

जंतूंच्या बाजूला लाडका शॉर्टकट म्हणजे डिस्क: संयुग लावलेली चकती जंतूंच्या थरावर ठेवायची आणि भोवती जंतू न वाढलेलं वलय मोजायचं. ही स्टेरॉइडसारखी संयुगं पाण्याला नाखूष, अगारात (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाहीत. वलय लहान आलं की नवशिके 'निष्क्रिय' लिहून मोकळे होतात. त्याऐवजी म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रवात) सूक्ष्मविरलन करा, म्हणजे विहिरींत संयुग टप्प्याटप्प्याने पातळ करत न्या, आणि एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारी सगळ्यात कमी मात्रा) काढा. जंतू मिलिलिटरला सुमारे ५ लाख हवेत. ०.५ मॅकफार्लंडचं (गढूळपणावरून ठरवलेलं, त्याहून कितीतरी दाट) जंतूंचं द्रावण विरल न करता तसंच ओतलं, तर चांगलं संयुगही हरतं.

डीएमएसओ (संयुग विरघळवायचा द्रव) सगळ्या विहिरींत सारखाच ठेवा. जंतूंसाठी १ टक्क्याच्या आत, पेशींसाठी त्याहून बराच कमी. नुसत्या डीएमएसओची विहीर नसेल तर ती प्लेट मी बघत नाही.

एमआयसी मायक्रोग्रॅममध्ये (वजनात) आणि पेशींचा आकडा मायक्रोमोलरमध्ये (रेणूंच्या मोजणीत) ठेवून भागाकार करणारेही भेटतात. काय बोलणार!

वाळलेला स्राव तोलताना चष्मा, हातमोजे, मास्क. डोळ्यांत गेला तर भारी पडतो.

कच्च्या स्रावात अॅड्रेनॅलिनसारखी क्षपणकारी (इलेक्ट्रॉन देणारी) संयुगं असतात; पेशी नसतानाही ती एमटीटीला जांभळं करू शकतात आणि मेलेल्या पेशी जिवंत मोजल्या जातात. दर मात्रेला पेशीविरहित विहीर ठेवा, आणि रंग घालण्याआधी माध्यम बदला.